पाठमोऱ्या पायऱ्या

उन्मेष सालपेकर हा माणूस जन्माचा भित्रा. पाल चुकचुकली तरी आईचा पदर शोधणारा, आणि मारबतीच्या दिवशी तर विचारूच नका. बाहेरगावच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात बांबू-कागदाच्या दोन अवाढव्य बाया मिरवतात, एक काळी, एक पिवळी. गावातला ताप, खोकला, इडापिडा सगळं घेऊन जा म्हणून लोक त्यांच्यापुढे घसा फाडून ओरडतात, आणि शेवटी त्यांना नेऊन जाळतात. बाकीच्या पोरांना ही मोठी मौज. उन्मेषला मात्र काळी मारबत कोपऱ्यावर दिसली की चड्डीत व्हायचीच बाकी राहायची. एका वर्षी तो तापाने फणफणला आणि डोळे मिटले की तीच दिसते म्हणून झोपेना. तेव्हा त्याच्या आईने, कौशल्याबाईंनी, पाटी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, काढ तिला, जशी दिसते तश्शी, काही सोडू नकोस. त्याने काढली. दात, जीभ, लोंबते हात, सगळं काढलं आणि गाढ झोपला. सकाळी अंगात ताप नव्हता.

बस्स, तेव्हापासून ही खोड लागली ती लागली. भीती वाटली की कागद ओढायचा. पोटापाण्यासाठी तो आरेखक झाला, म्हणजे दिवसभर एका खाजगी कंपनीत रस्ते, नाल्या, पूल यांचे नकाशे काढायचे, आणि घरी आलं की चहाचा कप घेऊन तळनगरात उतरायचं. तळनगर म्हणजे नागपूरच्या खालचं नागपूर. असं गाव नाही हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? पण उन्मेषने ते असं रचलं होतं की वाचणाऱ्याने पाय आपटून खाली पोकळ तर लागत नाही ना हे बघावं. मारबत गावातून जे जे घेऊन जाते ते सगळं तिथं साठतं. खोकल्यांची गोदामं, तापांच्या भट्ट्या, आणि त्यांच्या मागे मागे गेलेली माणसं. मजकूर त्याचा आणि चित्रंही त्याचीच. बायकोचं, ताराचं, ऑपरेशन निघालं तेव्हा पुस्तकात सुयांच्या बोटांची माणसं आली. कंपनीत माणसं कमी करायला लागले तेव्हा बिनतोंडाचा साहेब आला. भीती कागदावर उतरली की हा मोकळा. पुढे ती कोणाच्या घरी जाऊन बसते, हे त्याने कधी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या अभिमानाची होती. तळनगराचे सगळे दरवाजे वर खऱ्या नागपुरात उघडायचे, आणि तिथपर्यंतचा नकाशा तो स्वतः पायी फिरून, मोजून काढायचा. राक्षस कसाही काढीन, म्हणायचा, पण नकाशा खोटा काढणार नाही. ऐका! ज्या गावाचा पत्ता नाही त्याची वाट, आणि तीही प्रमाणात. पण पोरांना हेच आवडायचं. रविवारी आईबापांना ओढत ती जुन्या महाल भागातल्या बोळांमधून हिंडायची आणि पुस्तकातला वडाचा बुंधा खरोखर सापडला की उड्या मारायची. उन्मेषच्या कानावर हे आलं की त्याच्या छातीत हवा भरायची.

शेजारच्या बिऱ्हाडात सौरव आणि शामला राहायचे. दोघं मूळचे भिवापूरकडचे. सौरव मौद्याच्या वीज केंद्रात पाळीवर जायचा. शामला तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. माहेरची मिरची आली की पहिला वाटा ताराकडे, आणि दारावरून कोणी घाईने निघालं की आतून हाक ठरलेली, "घाई कायची हाये वं, चहा होऊन राह्यला." बाईमाणूस असेल तर वं, नवरा असेल तर जी, बाकी वाक्य तेच. उन्मेषने ते उचललं आणि तळनगरातल्या लंगड्या कावळ्याच्या तोंडी घातलं. हा कावळा म्हणजे पोरांचा पाठीराखा, संकटात वाट दाखवणारा. शामलाला कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. मले कावळा केलं काय जी, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर ठेचा पाठवला.

मग एका पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि चार दिवसांत बाई गेली. मागे वैदेही, दुसरीतली पोर. बापाची पाळी असली की ती ताराकडे जेवायची, अभ्यास करायची, आणि संध्याकाळी उन्मेषच्या खोलीत बसून ताजी पानं ऐकायची. कावळ्याचं बोलणं आलं की उन्मेष शामलाच्या हेलात वाचायचा. पोर तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायची. तारा आतून ऐकायची.

तिसरं पुस्तक असं त्या खोलीत तयार झालं. त्यातली मुलगी तापाबरोबर गेलेल्या आपल्या भावाला परत आणायला तळनगरात उतरते. दरवाजा कुठे, तर नागनदीकाठच्या एका बंद गोदामामागच्या जुन्या पायविहिरीत. कधी, तर मारबतीच्या दिवशी, दोन्ही मारबती समोरासमोर आल्या आणि सगळ्या गावाचं तोंड तिकडे झालं की. आणि कसं, तर डोळे घट्ट मिटून, पाठमोरं, एकेक पायरी खाली. दार पाहू गेलं की मिटतं, म्हणून पाठमोरं. राखणदार ओळखीच्या माणसांच्या आवाजात नाव घेऊन हाका मारतील, तेव्हा डोळे उघडायचे नाहीत, ओ द्यायची नाही, शेवटच्या पायरीच्या खालीही पाय टाकायचा.

हे वाचून उन्मेषच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला होता, म्हणून तो खूश होता. तारा मात्र पानं खाली ठेवून म्हणाली की खरी विहीर कशाला, तिथं पाणी आहे, एखादी खोटी काढा. त्याने तिला सुनावलं की सालपेकरांचा नकाशा आहे तो. पुस्तक हिवाळ्यात आलं, धडाधड खपलं, आणि पहिली प्रत वैदेहीला मिळाली.

मारबतीच्या दिवशी सौरवची सकाळची पाळी होती. उन्मेष आणि तारा पोरीला घेऊन मिरवणूक बघायला गेले. महालात मुंगीला वाट नव्हती. वैदेहीने नवा झगा घातला होता आणि काखेत संध्याकाळी पोरांच्या तान्ह्या पोळ्यात मिरवायचा लाकडी नंदी होता. मध्येच तिने तो ताराच्या हातात दिला, धर काकू म्हणाली. ताराला वाटलं, पोरीचा हात दुखला असेल. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली, तुम्हीच ना ते तळनगरवाले, आमची पोरं वेडी आहेत तुमच्यामागे, आणि पुस्तक पुढे केलं. सही करायला दोन हात लागतात. उन्मेषने पोरीचा हात सोडला.

काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या आणि एकच गलका उठला. लोकांनी हात वर केले. उन्मेषने सहीखाली एक छोटा कावळाही काढून दिला, हौसेने, आणि वळून पाहतो तर पोर नाही.

पहिल्यांदा त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुढे गेली असेल, कोणाच्या खांद्यावर चढली असेल. हाका मारल्या, पण त्या गलक्यात स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. मग त्याचं लक्ष ताराकडे गेलं. नंदी छातीशी धरून ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"विहीर," तारा म्हणाली.

तो पळाला. सगळं गाव एका बाजूला चाललेलं आणि हा एकटा उलट्या दिशेने, लोकांच्या कोपरांखालून, शिव्या खात. पन्नाशीचा माणूस, जन्मात कधी बससाठीसुद्धा धावला नसेल. श्वासाश्वासाला तोंड कोरडं पडत होतं. रंगाऱ्याच्या दुकानापाशी डावीकडे, मग वडाचा बुंधा, मग दोन भिंतींमधला बोळ. तो स्वतःच्याच नकाशावरून पळत होता. कुठेतरी आपण चुकलो असू, एखादं वळण भलतीकडे दाखवलं असेल, पोर भलत्याच गल्लीत रडत बसली असेल, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. पण एकही वळण चुकलेलं नव्हतं.

गोदामामागचं लोखंडी फाटक पोरीच्या अंगाएवढं उघडं होतं. तो आत घुसला आणि विहिरीच्या तोंडाशी येऊन थबकला.

वैदेही खाली होती. तोंड वर, डोळे घट्ट मिटलेले, एक हात भिंतीला, आणि उजवा पाय मागे सरकवून खालची पायरी चाचपत होती. पावसाळ्याने विहीर भरलेली. तिच्या मागे दोन-तीन पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या, आणि मग हिरवं पाणी, ज्याच्या खाली आणखी पायऱ्या होत्या. किती, ते उन्मेषला ठाऊक होतं, त्यानेच मोजल्या होत्या.

त्याने तिला नावाने हाक मारली. पोरीने जोरजोरात मान हलवली, ओठ आवळले आणि एक पायरी खाली उतरली. त्याने पुन्हा हाक मारली, बेटा वर ये, मी काका. ती आणखी एक उतरली. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. ओळखीच्या आवाजात राखणदार हाका मारतील. ओ द्यायची नाही. पोर शब्दाला शब्द पाळत होती. जितक्या हाका माराव्या तितकी ती खाली जाणार. धावत उतरून धरावं, तर राखणदाराने धरलं म्हणून ती हात झटकणार, आणि त्या शेवाळावर दोघांचाही पाय टिकणार नाही.

मग तो घोगऱ्या, जराशा चढ्या हेलात, तिचं नाव न घेता म्हणाला, "घाई कायची हाये वं, चहा होऊन राह्यला."

पोरीचा मागे गेलेला पाय तिथल्या तिथे थांबला.

तो त्याच आवाजात बोलत राहिला. दार आज लागून हाये, वापस चाल, भिंतीले धर, घाई करू नको, एक पाय, आता दुसरा. आवाज थेट चुलीपुढे बसलेल्या बाईचा. वैदेही डोळे न उघडता एकेक पायरी वर आली. हाताच्या अंतरात आली तशी त्याने तिला मनगटाला धरून असं ओढलं की दोघंही फाटकापाशी चिखलात पडले.

तारा धापा टाकत येऊन पोचली तेव्हा पोर डोळे उघडून विहिरीकडेच पाहत होती. रडत नव्हती. चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हसू पाहून उन्मेष विहीर पाहून घाबरला होता त्याच्याहून जास्त घाबरला.

"आई बोलली," वैदेही म्हणाली. "आईच होती ना, काका?"

हो म्हणायला काय जात होतं? पोर खूश झाली असती, आपली गोष्टही खरी ठरली असती. पण हो म्हटलं की पुढच्या मारबतीला ही पुन्हा इथं येणार, आणि तेव्हा वरच्या पायरीवर कोण असेल? उन्मेषने तिचे दोन्ही हात धरून सांगितलं की तो मी होतो. आवाज मी काढला. दार नाही, तळनगर नाही, तिथं कोणी नाही, सगळं मी खोलीत बसून रचलं.

तिने नाही अशी मान हलवली.

"पण तुम्ही तर नकाशा खोटा काढत नाही," ती म्हणाली.

पोरीने हात सोडवून घेतले आणि ताराला जाऊन बिलगली.

सौरव पाळीवरून आला तेव्हा ताराने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उन्मेष मान खाली घालून उभा होता. सौरव शिवी देईल, कॉलर धरेल, त्याची तयारी होती. धरली असती तर बरंच वाटलं असतं. पण सौरवने पोरीला उचललं, तिच्या दप्तरातलं पुस्तक काढून घेतलं आणि दार लावून घेतलं. जाळायला नेलं असेल, उन्मेषला वाटलं, आणि नेलं असेल तर बरंच केलं.

त्यानंतरचं वर्ष उन्मेषने कसं काढलं ते त्यालाच माहीत. प्रकाशकाकडे जाऊन त्याने हातापाया पडून नकाशा काढून टाकायला लावला, पुढच्या छपाईत. पण आधीच्या प्रती गावभर गेलेल्या. शाळांमध्ये, वाचनालयांत, कुणाच्या वाढदिवसाला. सीताबर्डीत एखाद्या पोराच्या हातात ते मुखपृष्ठ दिसलं की हा तिकडेच बघत राहायचा, आणि एकदा तर तो एका मायलेकींच्या मागे मेट्रो स्टेशनपर्यंत गेला. शेवटी त्या बाईने दरडावलं तेव्हा परतला. पेपर आला की आधी बुडालेल्यांच्या बातम्या. गोदामवाल्याला सांगून फाटकाला कुलूप लावलं, तर निर्माल्य टाकायला येणाऱ्यांनी ते तोडलं. आणि कागद? कागद कोरा. लहानपणापासून जी भीती हातातून खाली उतरायची तिला आता उतरायला जागाच राहिली नव्हती, कारण उतरली की ती कुठे जाते ते त्याने पाहिलं होतं. पेन्सिल टोकदार करून तो बसायचा आणि तशीच ठेवून द्यायचा. वैदेही घरी यायची, ताराजवळ अभ्यास करायची, पण त्याच्या खोलीचा उंबरा तिने पुन्हा ओलांडला नाही. काय करून राहिली बेटा, असं त्याने विचारलं की होमवर्क म्हणायची. एवढंच.

पुन्हा पोळा आला. दुसऱ्या दिवशी वैदेहीला ताराच्या हवाली करून, क्षणभरही नजरेआड करू नको असं बजावून, उन्मेष सकाळीच पाण्याची बाटली घेऊन विहिरीवर जाऊन बसला. वरच्या पायरीवर, फाटकाकडे तोंड करून. पोरांना दम कसा द्यायचा ते त्याने मनात घोळवून ठेवलं होतं. ऊन चढलं. लांबून ढोल ऐकू यायला लागले. फाटकापाशी पान हललं तरी तो उठून उभा राहायचा. कोणी आलं नाही. आता गलका मोठा झाला, म्हणजे दोघी समोरासमोर आल्या असणार, आणि ही वेळ टळली की सुटलो असं त्याला वाटत होतं, तेवढ्यात फाटक करकरलं.

सौरव आत आला. अंगात वीज केंद्राचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी, घरी पाळीवर जातो सांगून निघालेला. हातात ते पुस्तक होतं. जाळलेलं नव्हतं, वाचून वाचून फुगलं होतं.

त्याने उन्मेषकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली, बूट काढून भिंतीशी नीट लावले. उन्मेषने दोन्ही हात आडवे केले. पोरीचं नाव घेतलं, तिला आता कोण आहे म्हणाला, तिथं काहीच नाही रे, माझ्या आईची शपथ, म्हणाला.

"मले माहीत हाये, काही नाही तिथं," सौरव म्हणाला. "सरका."

तो दुप्पट ताकदीचा गडी. उन्मेषला एका हाताने बाजूला करून तो पाठमोरा झाला, डोळे मिटले आणि उतरायला लागला. उन्मेष धडपडत त्याच्यासमोर उतरला आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. एक पायरी, आणखी एक. पाय घसरायला लागले. सौरवच्या टाचेला पाणी लागलं तसा उन्मेष रडायलाच लागला, भ्यालेल्या पोरासारखा, आणि पकड मात्र सोडेना.

सौरव थांबला. डोळे मिटलेलेच होते.

"त्या दिवशी तिले ताप होता," तो म्हणाला. "मी पाळीवर निघालो तं म्हणे, घाई कायची हाये. मी काही थांबलो नाही भाऊ. पोरीले म्हटलं ना तुम्ही, ते एकदा मले म्हणा."

उन्मेषला कळेना. तो आवाज पुन्हा काढायचा नाही असं त्याने वर्षभर मनाशी धरलं होतं. म्हटलं तर हा वर येईल की खाली जाईल? एकदा चुकलेल्या माणसाने पुन्हा तीच वाट दाखवायची? खाली पाणी होतं आणि हातात शेजाऱ्याचं मनगट, आणि दुसरं काहीच त्याच्याजवळ नव्हतं. त्याने डोळे पुसले.

"घाई कायची हाये जी," तो म्हणाला, "चहा होऊन राह्यला."

सौरव त्या ओल्या पायरीवर मटकन खाली बसला.

"थांबतो वं," तो म्हणाला.

लांबून मारबती पुढे गेल्याचा आवाज येत होता. उन्मेष त्याच्याशेजारी बसला, पण त्याचं मनगट त्याने सोडलं नाही.